वहीतलं पहिलं मूल

कानो,
उत्तर नायजेरिया, ८ जानेवारी २०१२

ती. इन्नास सलामातूचा सा. न. वि. वि.

दाहिरूच्या गाडीतून पाठवलेले कांदे आणि पत्र, दोन्ही पोचलं. कांदे गोड निघाले. पत्रावर नेहमीप्रमाणे नाव नव्हतं, ‘कानोत राहणारीला देणे’ एवढंच होतं. दाहिरू म्हणाला की कानोत राहणाऱ्या लाखो आहेत, पण बिननावाचं पत्र येणारी एकटीच, त्यामुळे तो कधी चुकत नाही. लुबाबातूला तू घरातल्या घरात दिवसातून दहादा नावाने हाका मारतेस. ती धाकटी, मी पहिली. पहिल्या मुलाचं नाव आईने घ्यायचं नसतं, हे मला कोणी सांगायला नको. नुसतं चिडवते आहे.

आता कामाचं. पोलिओचे थेंब घेऊन येणाऱ्या पोरांना आपल्याकडे दारातल्या खोलीपुढे कोणी येऊ देत नाही. बरोबरच आहे, परक्या पुरुषाने बायकांच्या अंगणात जायचंच कशाला? पण मग ती पोरं बाहेरून विचारतात, आतून उत्तर येतं की मुलं झोपली आहेत, आणि बर्फाची पेटी आली तशी परत जाते. म्हणून आरोग्य कचेरीने ठरवलं की गावातल्याच बायकांना तयार करायचं. बारा गावांचं शिक्षण माझ्याकडे आलं आहे. आपल्या बाकिन त्सामियाच्या प्रमुखांनी एकच नाव कळवलं, तुझं. त्यांचं म्हणणं, अर्ध्या गावाची नाळ तिने कापली आहे, तिला कोण दार लावणार?

लेकीने आईला शिकवायचं म्हणजे उलटाच कारभार. मी दोन दिवस विचार केला आणि मग हे पत्र लिहायला बसले. येशील का? पाच दिवसांचं शिक्षण आहे. जेवण मिळेल, पण तुझ्या हातच्या चवळीच्या कोसईची सर त्याला नाही.

थोरांना सलाम, लहानांना पापा. तुझा लोभ मला आहे असं मी धरून चालते.

तुझी,
सलामातू

~

बाकिन त्सामिया,
१५ जानेवारी

चि. कानोवालीस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, लुबाबातूला हात लावू दिला नाही. मदरशातल्या मालमच्या बायकोच्या वर्गात अरबी अक्षरं गिरवत चार वर्षं घालवली ती काय उगाच? उत्तरही स्वतःच लिहिते आहे. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं दिसलं तर कोंबडीला दोष दे.

मी येईन. पण आधी एक कबूल करते. गेल्या साली ती पेटीवाली पोरं आली तेव्हा मुलं झोपली आहेत असं आतून सांगणारी मीच होते. एका घरातून नव्हे, तीन घरांतून. थेंबांनी पुढे मूल होत नाही असं तेव्हा बाजारात बोलत होते. म्हटलं, मी बाळंतपणं करणारी बाई, माझा धंदाच बसायचा. मग कळलं की प्रमुखांच्या नातवाने दोनदा थेंब घेतले आणि त्याची आई पुन्हा पोटुशी आहे. मी तेव्हापासून गप्प आहे.

माझ्या दोन अटी आहेत. वर्गात मला इन्ना म्हणायचं नाही. मीही तुला बाईच म्हणेन. आणि चुकले तर सगळ्यांदेखत बोल, आई म्हणून सोडू नकोस. इतर बायका काय म्हणतील?

इथे धूळवारा सुटला आहे, ओठ फुटतात. तुझ्यासाठी शेळीच्या तुपाची डबी पाठवते. आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

इन्ना

~

कानो,
१० फेब्रुवारी

ती. इन्नास सा. न. वि. वि.

तू गेल्यावर वर्ग सुना झाला. खरं सांगते, मला भीती होती की तू कोपऱ्यात बसून डुलक्या घेशील. तू तर मलाच शिकवून गेलीस. कुपीवरच्या चौकोनाचं मी सकाळभर समजावत होते, की ऊन लागलं तर तो काळा होत जातो, आणि बाहेरच्या गोलाइतका काळा झाला की औषध फेकायचं. बायका नुसत्या माना हलवत होत्या. तू उठून म्हणालीस की ही तेलातली कोसई समजा, कडेइतकी आत करपली की गिऱ्हाईकाला द्यायची नाही. तेव्हापासून सगळ्याजणी कुपी हातात घेतली की आधी करपली का ते बघतात. मी आता प्रत्येक वर्गात हेच सांगते आणि तुझं नाव घेत नाही. फिटंफाट.

थेंब पाडायच्या सरावाला म्हाताऱ्याही चिमणीच्या पिलांसारखी तोंडं वासून बसल्या होत्या, ते आठवून अजून हसू येतं.

वही तू अरबी अक्षरांत, उजवीकडून डावीकडे ठेव. कचेरीतल्या साहेबांना मी पटवलं आहे, इंग्रजी अक्षरांत नक्कल लुबाबातू करील. फक्त घर सोडायचं नाही. प्रत्येक घरात आईला विचारायचं की पाच वर्षांखालची मुलं किती, नावं काय. थेंब दिला की करंगळीवर शाईची खूण. आणि कोणत्याही मुलाचा पाय अचानक लुळा पडला तर त्याच दिवशी निरोप.

तब्येत सांभाळ. माझ्यावरची माया अशीच राहू दे, वर्गात दाखवली नाहीस तरी चालेल.

सलामातू

~

बाकिन त्सामिया,
२७ मार्च

चि. मास्तरीणबाईंस अ. आ. वि. वि.

चार दिवसांची फेरी संपली. माझ्या वहीत दोनशे बारा मुलं, दोनशे बाराच्या दोनशे बारा करंगळ्या काळ्या. एकही दार बंद झालं नाही. शेजारच्या हौवाच्या नवऱ्याने कुरकुर केली, तेव्हा मी त्याला आठवण दिली की तो स्वतः पायाळू आला होता आणि त्याला बाहेर काढताना माझा खांदा निखळला होता. तो पेटी धरायला आला. तुझे साहेब म्हणाले म्हणे, की अशी वही बारा गावांत नाही. मी काही फुशारक्या मारत नाही, फक्त कळवते.

एक बारीकसारीक गोष्ट. पलीकडच्या आळीतल्या अबू म्हातारीच्या घरी तीन वर्षांचं पोर आहे, नुहू. माझ्या कोसईच्या चुलीशी रोज येऊन उभं राहतं. त्याला चार दिवस ताप होता, आणि कालपासून डावा पाय टेकवत नाही. म्हातारी म्हणते, झोपेत आखडला असेल. तू सांगितलं होतंस म्हणून कळवते. पण तो माझ्या वहीतला नाही, तेव्हा आपल्या कामातला नसावा.

लुबाबातूच्या धाकटीला दात येतो आहे. तुला तुझी माणसं विसरू नयेत आणि तू त्यांना.

इन्ना

~

कानो,
२८ मार्च

ती. इन्नास सा. न.

दाहिरूला इथूनच उलट पाठवते आहे. त्याच्याबरोबर दोन डब्या आणि बर्फाची पेटी आहे. तपासणीसाठी नुहूची शी एका डबीत आज, दुसऱ्या डबीत उद्या याच वेळी. दोन्ही बर्फात ठेव, पेटी उन्हात ठेवू नकोस, दाहिरूला थांबवून घे. त्याच्या खाण्यापिण्याचं मी बघेन.

आणि वहीत नाही म्हणजे काय? गावात त्याचं घर नाही असं तर नाही ना? तो कोणाचा आहे? अबू म्हातारीला तीन वर्षांचं मूल कुठून? तू घर सोडलंस का? आई म्हणून सोडू नकोस असं तूच म्हणाली होतीस, म्हणून विचारते.

सलामातू

~

बाकिन त्सामिया,
१ एप्रिल

चि. मुलीस अ. आ. वि. वि.

डब्या गेल्या. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

घर सोडलं नाही. नुहू बरिराचा आहे. बरिराचं पहिलं. दूध सुटल्यावर तिच्या आईने, म्हणजे अबूने, वाढवायला नेला, जसं नेतात. मी बरिराच्या अंगणात बसून विचारलं की मुलं किती, ती म्हणाली दोन. मी दोन लिहिली. मग अबूकडे गेले, ती म्हणाली माझ्या घरात कसली आता मुलं, माझी सगळी लग्नाची झाली. मी काहीच लिहिलं नाही. पोर मागच्या अंगणात शेळीशी खेळत होतं.

दोघीही खोटं बोलल्या नाहीत. बरिरा पहिल्याला मोजत नाही, अबू दुसरीचं मोजत नाही. आणि मी? त्याची नाळ मीच कापली आहे. तीन आहेत हे मला ठाऊक होतं. तरी माझा हात दोनवर थांबला, कारण बाईला तिच्या पहिल्याबद्दल विचारायचं नसतं. मी विचारलं असतं तर ती लाजेने मेली असती, आणि मीही.

काल दिवसभर चूल पेटवली नाही. बसून डोक्यातली बाळंतपणं मोजली. गेल्या पाच वर्षांत माझ्या हातून सदतीस पहिली मुलं झाली आणि जगली. वहीत त्यातली पाच आहेत, तीही सासवांनी सांगितली म्हणून. बत्तीस करंगळ्या कोऱ्या. दोनशे बाराच्या दोनशे बारा म्हणून मी तुला लिहिलं होतं ना, ते पत्र फाडून टाक.

रागाने नाही, पण एक विचारते. तू एवढी शिकलीस, बारा गावांना शिकवतेस, स्वतः पहिली आहेस. तुझ्याही लक्षात आलं नाही?

नुहू भिंत धरून उभा राहायला बघतो आणि पडतो. अल्ला त्याला सांभाळो, आणि तुला.

इन्ना

~

कानो,
९ एप्रिल

ती. इन्नास सा. न. वि. वि.

नाही आलं लक्षात. तुझ्या पत्रानंतर मी बाराही गावांच्या वह्या काढून बसले. सगळीकडे तेच. पहिल्या मुलांचा पत्ताच नाही. माझ्या बायका हुशार आहेत, एकीने घर सोडलेलं नाही. मीच त्यांना असा प्रश्न शिकवला की ज्याचं उत्तर आपल्याकडे कोणतीच आई पुरं देत नाही. न मोजलेल्यांतलीच मी, तरी मला दिसलं नाही.

साहेब म्हणतात, नव्या वहीत ‘पहिलं मूल’ असा वेगळा रकाना आखू. चांगला माणूस आहे, पण लांबून आलेला. रकाना बोलत नाही. पुढची फेरी ५ मेपासून आहे. तोवर आयांनी नावं सांगितली नाहीत, तर पुन्हा तीच मुलं राहतील. नुहूच्या डब्यांचा निकाल यायला अजून तीन-चार आठवडे लागतील. तो रोग निघाला, तर या बत्तीस मुलांत आधीच फिरत असेल. तुला घाबरवायला लिहीत नाही. मी घाबरले आहे.

इन्ना, तू बायकांशी बोल. तू सोडून कोणाचं ऐकणार नाहीत.

आणि मनातलं एक लिहिते, रागावू नकोस. मी सात वर्षांची असताना विहिरीपाशी पडले होते. गुडघा फुटला होता. तू दोर ओढत राहिलीस, मान वळवली नाहीस. मला हौवाच्या आईने उचललं. ती रीत आहे, हे तेव्हाही ठाऊक होतं. त्याने गुडघा कमी दुखला नाही. आज एकतीस वर्षांची होऊन, नर्स होऊन, हे लिहिताना डोळे भरून येतात, त्याला काय म्हणावं?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. माया आहे, हे मला कळतं. कधी कधी ऐकायला आवडलं असतं, एवढंच.

सलामातू

~

बाकिन त्सामिया,
२ मे

ती. ताईस लुबाबातूचा सा. न. वि. वि.

हे पत्र इन्नाला न सांगता लिहिते आहे, कारण ती स्वतः यातलं अक्षर लिहायची नाही.

तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हापासून ती उशीखाली ठेवून होती. परवा तिने गावातल्या सगळ्या पोरवाल्या बायकांना आपल्या अंगणात बोलावलं. चाळीसेक आल्या, बरिरा कोपऱ्यात नुहूकडे पाठ करून बसली होती. इन्नाने सगळ्यांना बाजरी-दुधाचा फुरा प्यायला दिला. मग नवी वही उघडली आणि म्हणाली की घर क्रमांक एक माझं, मी सांगते, लुबाबातू लिहील. मला वाटलं, मोठी झालेली मुलं काय लिहायची? तिने पदर तोंडावर ओढला. एका बाईने विचारलं, इन्ना, बरं वाटत नाही का?

मग ती म्हणाली, सलामातू.

ताई, मी तिच्या पोटची. तुझं नाव तिच्या तोंडून मी आजवर ऐकलं नव्हतं. तिचा आवाज असा आला, जसा कोणी जड हंडा पहिल्यांदाच उचलताना येतो. बायका खाली बघायला लागल्या. म्हातारी अबू तर उठून जायला निघाली होती. इन्ना पदराआडूनच म्हणाली, बाई, बस. सांगून टाकलं, आभाळ कोसळलं का? मी लाज राखली म्हणून ते पोर भिंत धरून चालतंय. लाज आपली, पाय त्याचा गेला.

बरिरा रडायला लागली. मग तिने नुहूचं नाव सांगितलं, मोठ्याने नाही, पण सांगितलं. त्यानंतर एकेक. ज्यांना अगदीच जमेना, त्यांच्यासाठी इन्नाने तोड काढली. सवतीने सवतीच्या पहिल्याचं नाव सांगावं आणि आईने नुसतं खोकावं. अंगणात एवढा खोकला मी कधी ऐकला नव्हता. प्रमुखांच्या सुना तर हसून हसून खोकत होत्या. बत्तीसच्या बत्तीस नावं मिळाली. वर अशी चार मिळाली, जी इन्नाच्याही हिशोबात नव्हती, कारण ती माहेरी जन्मली होती.

ही खोकल्याची युक्ती बाकीच्या गावांना सांग, पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. लहानांकडून तुला पापा. अशीच माया ठेव.

लुबाबातू

~

कानो,
१६ मे

ती. इन्नास सा. न. वि. वि.

निकाल आला. नुहूला पोलिओ नव्हता. डॉक्टर म्हणतात, नसांचा दुसरा एक आजार असतो, त्यात पायात बळ बहुधा परत येतं. त्याला चोळणं आणि रोज थोडं चालवणं सोडू नका. मी कागद तीनदा वाचला आणि कचेरीच्या पायरीवर बसून राहिले.

पण हे आपलं नशीब, शहाणपण नव्हे. रोग आला असता तर त्याला वाट आपणच मोकळी ठेवली होती. या फेरीत तुझ्या गावातल्या सगळ्या पहिल्या मुलांना थेंब मिळाले, आणि बारा गावांत मिळून पाचशे चार नवी नावं आली. मी आता प्रश्न बदलला आहे. आईला मुलं किती असं विचारायचंच नाही. घरात पहिलं कोण जन्मलं आणि ते कोणाकडे वाढतं, हे सवतीला, सासूला विचारायचं. बायका पुढचं आपोआप सांगतात, आणि खूप खोकतात.

हे कोणी शिकवलं असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या वर्गातली एक बाई. मला लुबाबातूने काहीही कळवलेलं नाही. तरी एवढं म्हणते, की मी ऐकलं.

पुढच्या शुक्रवारी येते.

सलामातू

~

बाकिन त्सामिया,
१९ मे

चि. सलामातूस अ. आ. वि. वि.

हे लिहायला दोन कागद फुकट घालवले. तोंडाने म्हणण्यापेक्षा लिहिणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तेवढंही सोपं नाही. पुन्हा पुन्हा होईल असं समजू नकोस. माझं वय झालं, एवढी सवय आता मोडणार नाही. दाहिरू पाकिटावरचं नाव बघून गोंधळला आणि म्हणाला की ही सलामातू कोण, पत्ता तर कानोवालीचा आहे.

नुहू आज माझ्या चुलीपर्यंत आला. डावा पाय अजून ओढतो, पण भिंत न धरता आला. त्याला दोन कोसई दिल्या. बरिरा दारातून बघत होती, आपल्या मुलाकडे नव्हे, माझ्याकडे. पण बघत होती.

विहिरीचं तू लिहिलंस. तू रडत होतीस म्हणून तुला दिसलं नाही. मी दोर ओढत राहिले नव्हते. तू पडलीस तेव्हा तो माझ्या हातातून सुटला, आणि बादली जी आत गेली ती आजतागायत तिथेच आहे. तुझ्या वडिलांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की दोर कुजका होता. दोर नवा होता, पोरी.

परवा कचेरीतला वही तपासणारा आला होता. घर क्रमांक एकवर बोट ठेवून हसला आणि म्हणाला की आजी, ही वही पाच वर्षांखालच्यांची आहे, यात एकतीस वर्षांची बाई कशी? खोडा म्हणाला. मी म्हटलं, खोडणार नाही. माझ्या घरात पहिली तीच आहे, तिला वगळून वही पुरी होत नाही.

तुझ्या ओळीपुढची खुणेची जागा तेवढी अजून कोरी आहे. शुक्रवारी येशील तेव्हा दारातच करंगळी पुढे कर. शाई मी सांभाळून ठेवली आहे.

तुझी,
इन्ना